छातीपासून वीतभर

हानेका: “लोहचुंबक छातीपासून निदान वीतभर लांब ठेवा.” नर्सबाईंनी दोनदा बजावलं होतं, बाबा. तुमच्या छातीत पेसमेकर बसवला त्याच दिवशी. आणि मी हसले होते.

वीबे: नुसती हसली नव्हतीस. “आमचे बाबा आणि लोहचुंबक? फ्रिजवरचं चुंबकाचं बदकसुद्धा त्यांच्या हातून पडतं,” म्हणालीस. चारचौघांत.

हानेका: विषय बदलू नका. या बाकावरून उठा, घरी चला.

वीबे: उठता येत नाही.

हानेका: का? चक्कर येतेय? रेन्स्काताई, यांना चक्कर येतेय!

रेन्स्का: चक्कर-बिक्कर काही नाही गं. पँट धरून बसलेत. पँटचे खांद्यावरचे पट्टे मी कापले.

हानेका: कापले?

रेन्स्का: मग काय करू? तीनशे किलो उचलणारा चुंबक आमचा. तो बसला पट्ट्याच्या लोखंडी चिमट्यावर, आणि चिमटा नेमका त्या यंत्रावर. ओढून निघेना. यांचा चेहरा पांढराफटक. काढला चाकू, कापले पट्टे, आणि चुंबक-चिमटे सगळं गेलं कालव्यात.

वीबे: आणि पँट गेली घोट्यापर्यंत. पुलावर आमचं अख्खं मंडळ, खाली जर्मन पर्यटकांची बोट.

रेन्स्का: टाळ्या वाजवल्या त्यांनी.

वीबे: दोनदा.

हानेका: ॲम्ब्युलन्स?

रेन्स्का: येऊन गेली. छातीला तारा लावून पाहिलं. चुंबक दूर झाला तसं यंत्र आपलं आपण ताळ्यावर आलं, म्हणाले. तरी दोन वाजता हॉस्पिटलात दाखवायचंय. तुला फोनवर सांगितलं की सगळं.

हानेका: मला “तुझे वडील” आणि “चुंबक” एवढंच ऐकू आलं. पुकला उचललं, सायकलीच्या पेटीत टाकलं आणि निघाले. बघा, तिच्या एका पायात मोजा आहे, एका पायात नाही.

वीबे: दे माझी नात इकडे.

हानेका: आधी पँट धरा. आणि मला सांगा, शनिवारी सकाळी तुम्ही भजनी मंडळात गायला जाता ना? वर्षभर हेच सांगताय.

वीबे: गातो की. कालव्यातून सायकल वर आली की सगळेच गातात.

रेन्स्का: बेसूर, पण मनापासून.

हानेका: रेन्स्काताई, कालव्यात चुंबक टाकून बुडालेलं लोखंड काढणाऱ्या या मंडळाच्या तुम्ही प्रमुख. यांच्या छातीत यंत्र आहे हे तुम्हाला माहीत नव्हतं?

रेन्स्का: पहिल्याच दिवशी सांगितलं त्यांनी. तुझ्यासारखी मी घाबरत नाही, पण मूर्खही नाही. बांधायचा आम्ही, सोडवायचा आम्ही. यांनी फक्त दोर फेकायचा. चुंबक पाण्याबाहेर आला की दोर माझ्या हातात. वर्षभर एकदाही चुकलं नाही.

हानेका: मग आज काय झालं?

वीबे: आज काहीतरी हलकं लागलं. बिस्किटाचा डबा असावा. दोर आपसूक वर आला, चुंबक झोका घेऊन माझ्याकडे आला, आणि मी…

हानेका: आणि तुम्ही काय?

वीबे: धरला. छातीशी.

हानेका: अहो पण का? लाकडी जोडा आहे का तो, छातीशी… अगंबाई.

रेन्स्का: काय झालं? कसला लाकडी जोडा?

हानेका: तुम्ही शेजारच्या ग्रोनिंगनच्या, आमच्या फ्रीसलंडातलं तुम्हाला नाही कळायचं. बाबा एकतीस वर्षं याच पुलावर होते. बोट आली की पूल उघडायचा आणि काठीच्या दोरीला बांधलेला लाकडी जोडा बोटीवर सोडायचा. बोटवाला त्यात पुलाचे पैसे टाकणार. मग झोका देऊन जोडा वर, थेट छातीशी. मी लहानपणी इथेच बसून बघायचे.

वीबे: एक नाणं कधी पाण्यात पडलं नाही.

रेन्स्का: म्हणजे हात बिचारा इमानेइतबारे नोकरी करत होता!

हानेका: हसू नका हो. बाबा, आजपासून हे बंद.

वीबे: बरं. बंद.

हानेका: एवढ्या पटकन?

वीबे: मग काय, भांडू? घरी जातो, खिडकीत बसतो. पूल आता लांबून कुठूनतरी बटणावर उघडतो, तो बघतो. सकाळी तुझा फोन येतो, “गोळी घेतलीत?” मी म्हणतो, “घेतली.” झालं. त्या दिवसाचं माझं बोलणं तेवढंच.

हानेका: असं नका ना बोलू. आई गेल्यापासून तुम्ही फोन उचलेपर्यंत मी घंटा मोजत असते. चौथ्या घंटेला मला तुम्ही जिन्यात पडलेले दिसता. म्हणून गोळीचं विचारते. दुसरं काही सुचतच नाही.

वीबे: मी मुद्दाम तिसऱ्या घंटेला उचलतो. पहिल्यालाच उचलला तर वाटायचं तुला, म्हातारा फोनपाशीच बसलाय.

हानेका: बाबा, तुम्ही ना…

रेन्स्का: रडायचं असेल तर रडा दोघं, पण पटकन. मला पाण्यातून चुंबक काढायचाय. आणि वीबे, मंडळ सोडायचं नाही. तुमच्याशिवाय आम्ही नुसते डबे काढू. हा आकडा बघ गं हानेका. विहिरीतली बादली काढतात ना, तसला. चुंबक-बिंबक काही नाही. पुढच्या शनिवारपासून यांना हा.

वीबे: आकडा? शोधतो चुंबक. आकडेवाले मागून येऊन नुसते ओढतात.

रेन्स्का: तुम्हाला शोधायला चुंबक कशाला लागतो? कोणी काय कुठे फेकलं ते पाठ आहे तुम्हाला.

हानेका: आणि सवयीने हाही छातीशी धरलात तर?

वीबे: एकदाच धरीन.

हानेका: आधी डॉक्टरांना विचारायचं. ते हो म्हणाले तरच आकडा. आज तर काहीच फेकायचं नाही.

वीबे: मी कुठे फेकतोय? हा आकडा रेन्स्का फेकेल. रेन्स्का, तिसरा खांब, डाव्या अंगाला. बेकरीवाल्याच्या थोरल्याची सायकल. परीक्षेत नापास झाला त्या दिवशी त्यानेच ढकलली आणि चोरीला गेली म्हणून बोंब मारली. मी कधी कोणाला बोललो नाही.

रेन्स्का: आता बोललात! पुलावर सगळे ऐकतायत. हा घे दोराचा तुकडा हानेका, यांच्या कमरेला बांध.

हानेका: हात वर करा, बाबा. श्वास सोडा. झालं. आता पुकला घ्या, आणि बाकावरून उठायचं नाही.

वीबे: ये गं माझे बाई. रेन्स्का, अजून डावीकडे. अजून. सोड!

रेन्स्का: लागलं! हानेका, बघत काय उभी राहिलीस? धर दोर!

हानेका: मी? माझे हात…

वीबे: अगं, पाय रोव! कमरेतून ओढ!

हानेका: ओढतेय! आली! बाबा, हँडल दिसतंय! घंटी आहे अजून!

वीबे: मग वाजव की!

(घंटी वाजते. पुलावरचे सगळे गायला लागतात. हानेका चिखलाचे हात पुसत वाचणाऱ्याकडे वळते.)

हानेका: आणि तुम्ही. हो, तुम्हीच. सोमवारपासून मी कामावर, पुक पाळणाघरात. फ्रीसलंडात आलात, या पुलावरून जाणं झालं, तर एक करा. निळ्या टोपीतले आमचे बाबा दिसले, की दोराच्या टोकाला काय आहे ते लांबूनच बघा. चुंबक असेल तर तिथूनच ओरडा. आकडा असेल तर घाई असली तरी जरा थांबा. काय सापडलं, एवढं विचारा त्यांना.