न संपणारी डबी

भोरच्या औषधाच्या दुकानात रक्तदाबाच्या गोळ्यांसाठी रांगेत उभ्या असलेल्या भामाबाईंचे कान पुढच्या सासूसुनेच्या बोलण्याकडेच होते.

"आत्या, माझं क्रीम माझ्या धाकट्या बहिणीलाबी घेते. रविवारी तिची हळद, आन् गालाचे पापुद्रे निघालेत."

"कोमल, तिला कशाला ते?"

"माझे गाल कशानं मऊ झाले मग? त्यात सेरीन असतं, अमिनो आम्ल. आपल्या कातडीतबी असतंच की ते, ओलावा धरून ठेवतं. आन् एवढीशी डबी, पर सरतच न्हाई!"

"रागवू नको गं. ते क्रीम म्या शेळीला लावलं."

"शेळीला?"

"सडांना चिरा पडल्या व्हत्या. पिलू प्यायला आलं की लाथा झाडायची. आठ दिसांत बरी झाली, पर तुझी डबी रिकामी झाली."

"मग इतके दिस म्या तोंडाला काय लावतीय?"

"तिच्याच दुधाची साय. रोज पहाटं ताजी भरत व्हते."

सुनेनं गालावरून हळूच हात फिरवला. तेवढ्यात दुकानदारानं विचारलं, "ताई, काय देऊ?"

"तेच क्रीम द्या. शेळीला लावायचंय."

भामाबाईंना थंडीत गालाला साय चोळणारी आपली आई आठवली. त्या पुढं वाकल्या आणि सासूच्या कानाशी लागल्या.

"बाई, गाव कुठलं म्हणायचं तुमचं? आन् शेळीला दूध किती हाय?"