गोजरबाईचं गवत

जाई : ...तो बघा, जळबामामा, ढेकळाशेजारी. धाविक! पळाला तेव्हा कुठं दिसला मला.

जळबा : सकाळधरनं त्याच्याच मांगं हाईस, बाई. वसमतच्या शाळेत लेकरायला काय शिकवतीस? उन्हात पाखरामांगं पळाया?

जाई : शिकवायला हवं खरं. किती शांत आहे इथं. नुसतं गवत बघत बसावं, कुठं परत जाऊच नये असं वाटतं.

जळबा : कार्तिकातला माळ असाच. बसलं की बसूनच राहतं माणूस. ऊठ आता, ऊन कललं. तुझी ती भोवत्या पाखरं यायची येळ झाली.

जाई : फोनवर म्हणालात, यंदा उतरतच नाहीत म्हणून. दरवर्षी दहा-बारा तरी निजायची गवतात.

जळबा : येतेत की रोज. सांजच्याला वरच्यावर घिरट्या घालतेत आन सेनगावाकडं निघून जातेत. आठ दिस झाले. मला घास गोड लागंना बघ. तिनं राखलेली जागा हाय ती.

जाई : गोजरमामींनी?

जळबा : तर! गवत कापताना इळ्याम्होरून पाखरू उडालं एकदा. तवापासून तेवढा तुकडा कापू दिला न्हाई कोणाला. म्हणे, एवढ्या लांबून आलेत, निजाया तरी जागा द्या. औंदा ती न्हाई, म्हणून म्या लई बंदोबस्त केला. गावची ढोरं शिरून तुडवतेत ना. ये, हितून बघ.

जाई : मामा... हे काय?

जळबा : लुगडी. चहूकडनं काठ्या रोवल्या आन बांधली. रानडुकरासाठी पिकाला बांधतेत, तसंच बराबर. एक ढोर आत शिरलं न्हाई.

जाई : मामा, पिकाला साड्या बांधल्या की डुक्कर का येत नाही?

जळबा : फडफडल्या की बुजतं ते.

जाई : हं.

जळबा : ...अरे देवा.

जाई : तुम्ही चांगल्यासाठीच केलंत.

जळबा : कशाचं चांगलं! पाव्हण्याच्या अंथरुणाभवती बुजगावणी उभी केली म्या!

जाई : सोडून टाकू. अर्धा तास उजेड आहे अजून. मी या कडेनं—

जळबा : थांब. हात नको लावू.

जाई : का हो?

जळबा : तिची हायेत ती. श्रावणात गेली, तवापासून पेटीत होती. पेटी उघडली की जीव कासावीस व्हायचा. हितं बांधली आन वारं सुटलं, तर वाटलं, तीच हिकडून तिकडं चालून राहिली. हिरवं तर लई खुलायचं तिच्या अंगावर. खोटं काहून बोलू, बाई? मी रोज सांजच्याला पाखरं बघाया येत न्हाई हितं.

जाई : मग राहू द्या, मामा. पाखरं शोधतील दुसरी जागा.

जळबा : ते बघ. आलं पहिलं.

जाई : नर आहे, राखाडी. पंखसुद्धा हलवत नाही... किती खाली आला! मागून अजून दोन.

जळबा : गेलं पुन्हा वर. हीच जागा हुडकून राहिलेत. ...ती असती तर काय म्हणाली असती, ठावं हाय?

जाई : काय?

जळबा : "लुगड्याचं काय घेऊन बसलात? पाखरं तटलीत न्हवं वरती!" ...तू तिकडून सोड. हिरवं मी सोडतो.

जाई : गाठी फार घट्ट आहेत हो.

जळबा : सुटतेत. फाडू नको तेवढं.

(शेवटची काठी उपटून, सोडलेली लुगडी उचलून दोघं लांब बांधाआड येऊन बसतात.)

जाई : एक उतरला. गवतात गेला. दोन... मामा, चार!

जळबा : हळू बोल. निजू दे.

जाई : रडताय तुम्ही?

जळबा : व्हय. रडून राहिलो.

जाई : सात झाले. आता नीट दिसत नाही.

जळबा : आले ना, बास. हा ढीग बघ कसा केलाय आपण. असाच पेटीत कोंबला असता तर डाफरली असती माझ्यावर. धर बाई हे टोक जरा. लुगड्याची घडी एकट्याला न्हाई घालता येत.