विहिरीच्या कागदावरचा नांगर

सकाळी आठला अमरावतीच्या कचेरीपुढे रांग लागली. गावची विहीर कापूस दाबायच्या नव्या कारखान्याला विकू नये, असा अर्ज घेऊन नत्थुजी आणि त्यांची थोरली भावजय मनकर्णाबाई रांगेत माझ्यापुढे उभे होते.

"कारखान्याच्या वाफेले पानी पाह्यजे म्हनते. मंग आमी काय कापूस प्यावं?"

"हळू बोला, वैनी."

"काहून हळू? घरटी एकेका मानसानं खपून खोदली ते विहीर. पाटील कोन इकनारा?"

"तो म्हनते, साऱ्यायची कबुली हाये कागदावर. सहीच्या जागी नांगराच्या निशान्या हायेत."

"कोनाकोनाच्या?"

"हायेत सात-आठ जनायच्या."

"आपल्या घरची हाये काय? भाऊजी, इकडे पाहा."

"मले सांगतलं, गाळ काढाचा कागद हाये. मी काढला नांगर."

"अन् बाकीचे?"

"त्यायलेबी तसंच सांगतलं. आता लाजून घरात बसले."

"मंग साहेबाले हेच सांगा."

"येडा म्हनन तो मले."

"म्हनू द्या! गावातल्या बायायनं पान्यासाठी नदीवर जावं त्यापरीस तुमी येडे बरे."

दुपारी एकला कारकुनाने अर्ज ठेवून घेतला. साहेब मेळघाटात दौऱ्यावर होते. कारखान्याचे लोखंडी नळ घेऊन दोन गाड्या सकाळीच नत्थुजींच्या गावाकडे निघाल्या होत्या.