पलीकडची काठी

हॅलो? हो, ताई… ऐकू येतंय का? माळावर आहे, इथं जरा रेंज आहे… नाही गं. अजून नाही सापडले.

आई उठली तर दार सताड उघडं. बाबांची टोपी नाही, चपला नाहीत… हो, विहिरीतही डोकावलो. रडू नको ना, ऐक.

काल मी तुला बसला सोडायला आलो ती वाट आठव… हो, तीच. कापलेल्या गवताचा वास घेत तू उभीच राहिलीस, बस चुकणार म्हणून मी ओरडत होतो. आणि फाट्याफाट्यावर काठी रोवत होतीस. लहानपणीसारखी. पुढच्यानं वाट दाखवायला रोवायची, शेवटच्यानं उचलत यायचं… हो, शेवटचे कायम बाबाच. ‘माझी मेंढरं’ म्हणायचे.

अगं पण काल मागे कोण होतं? बाबा झोपलेले. मी परत आलो ट्रॅक्टरवर बसून, पुलाकडून. काठ्या तशाच राहिल्या.

आता नाहीत त्या. बोरीपाशी नाही, कुंपणापाशी नाही… गुराखी कशाला उचलेल? बाबाच. रोज विचारतात ना, पोरं कुठं गेली. आईचं नाव आठवत नाही त्यांना, पण काठी उचलायचं बरोबर आठवलं बघ.

नाही, तुझी चूक नाही. गप. मीही हसतच होतो की तुला.

उतरतोय आता, आवाज तुटला तरी ठेवू नकोस… धुकं आहे खाली. वाटेवरची कोळ्याची जाळी सगळी तुटलीत. म्हणजे सकाळीच गेलंय कोणीतरी… हो, हो, पळतोच आहे.

ओढा आला. रात्री वर कुठंतरी पाऊस झाला वाटतं… काल आपण ज्या दगडांवरून उड्या मारत गेलो ना, त्यातला एकही दिसत नाही. नुसतं गढूळ पाणी.

थांब… काठ्या आहेत इथं. रुमालानं मोळी बांधलीय. चपला शेजारी, नीट लावून ठेवल्यात… हो, रुमाल त्यांचाच. निळ्या काठाचा.

पलीकडे गेले असतील म्हणतेस… हो. असतील.

ताई, पलीकडच्या चढावर तू शेवटची काठी रोवलीस ना? केसांची रिबन बांधून?

दिसतेय इथून, धुक्याच्या वर.

तिथंच आहे गं अजून… कुणी उचललीच नाही.

आईला फोन करू नकोस. मी जाऊन सांगतो. ठेव.