पानी घातलं काय?

...नाही, पण मला एवढंच सांगा, कुंडीत मातीच नको हे कोणाच्या डोक्यातून निघालं? कोळसा! तुम्हाला सांगतो, मी चांदीपचा जयराम, उभा जन्म गुडघाभर चिखलात भात लावण्यात गेला, आणि सुनेने या वयात हातात काय दिलं, तर कोळशाच्या तुकड्यांत उभं केलेलं झाड. मुळं बाहेर लोंबतायत, पानं शेळीच्या कानासारखी, आणि वर एक जांभळं फूल, फोटो काढायला बसल्यासारखं. ऑर्किड म्हणे. आमच्या आंब्यावर असलं काही उगवलं तर बांडगूळ म्हणून ओरबाडून फेकतो आम्ही, आणि ही पोरगी ते रिबीन बांधून घेऊन आली!

का आणलं, तेही ऐका. चैत्रात आमची जिजा गेली, बायको माझी. चुलीवर चहा ठेवून गेली, तो उतू गेला तेव्हा मला कळलं. आलोशियसला फोन केला, वसईचा माझा जुना दोस्त, म्हटलं, जिजा गेली रे. तर तो म्हणतो, "जयराम, तिलाच दे फोन." आता त्याचा तरी काय दोष? त्याच्या लग्नात मीच बँडवाल्यांना दुसऱ्या चर्चला धाडलं होतं. जन्मभर थापा मारल्यावर खरं सांगायचं कोणत्या तोंडाने? आणि लोक जमले, तर मला रडू येईना. अजून आलेलं नाही. दात काढताना सुई मारतात ना, मग गाल असतो पण आपला नसतो... तसा सगळा जयरामच.

तर मुलाचं, मितेशचं म्हणणं पडलं, बाबांना गोखिवऱ्याला फ्लॅटवर आणायचं, घर बंद करायचं. मी म्हटलं, हलणार नाही. तेव्हा सून मधे पडली. रीमा. हुशार आहे, मुलगा आमच्यावर गेलाय. म्हणाली, "बाबा, हे झाड दिवाळीपर्यंत जगवून दाखवा. जगलं तर इथेच राहा, मी कोणाला बोलू देणार नाही. मेलं तर निमूट बॅग भरायची." बघा! म्हातारा एकटा राहील की नाही, ते ठरवणार बांडगूळ!

आणि त्या दिवसापासून जो तो... पानी घातलं काय? सकाळी रीमाचा फोन, "बाबा, पाणी घातलं?" दुपारी मितेशचा. शेजारीण कुंपणावरून, दूधवाला सायकलवरून, आलोशियस तर घरात पाय टाकायच्या आधी, पानी घातलं काय? आता हा प्रश्न आमच्या घरातला जुना. जिजा रोज सकाळी मागच्या दारातून वांग्यांचं विचारायची, "पानी घातलं काय?" आणि मी खाटेवरूनच, "घातलं." घातलेलं नसायचं! ती जाऊन बघायची, कोरडी आळी बघायची, कळशी आपटायची, माझ्या सात पिढ्या काढायची आणि स्वतःच घालायची. लग्नापासून हाच खेळ. पण आता काय झालंय, कोणी विचारलं की मी मुकाट उठतो आणि तांब्या ओततो. जो विचारील त्याच्या नावाने एक तांब्या.

आणि माती! मला वाटलं, दुकानदाराने पोरीला फसवलं. खाचरातली काळी माती आणली, पायाने तुडवून लोण्यासारखा चिखल केला, आणि भाताचं आवण लावतात तसं अंगठ्याने दाबून झाड रोवलं. कुंडीला खाली भोकं होती, पाणी वाया जात होतं, तीही बुजवली. भात असता तर पसरला असता हो. या बाईसाहेबांनी आधी फूल टाकलं, मग पानं पिवळी केली, मग ती मऊ पडली, उकडलेल्या केळ्यासारखी. मी म्हटलं, तहानली असेल. अजून एक तांब्या.

गणपतीनंतर रीमाने व्हिडिओवर झाड बघितलं. मग हळू विचारते, "बाबा, हे चिखलात का आहे?" म्हटलं, मग काय गादीवर झोपवू? तर म्हणते, या झाडाची मुळं हवेवर जगतात, तुम्ही बुडवलंत त्याला. बाहेर काढा, धुवा, कुजलेली मुळं कापा, कोळसा आणि नारळाच्या सोडणात ठेवा, आणि आठवड्यातून एकदा पाणी.

बसलो मोरीवर, जिजाची कात्री घेऊन. रीमा सांगत होती, मूळ दाबून बघा, पोकळ लागलं तर मेलेलं, टणक लागलं तर जिवंत. दाबतोय, कापतोय, दाबतोय, कापतोय... वास सुटलेला. दाबता दाबता माझाच अंगठा दाबून बघितला. काही कळेना. तो काही कापला नाही, ठेवला.

शेवटी उरलं काय, तर उंदराच्या शेपटीएवढं एक मूळ. आलोशियस सोडणं घेऊन आला, बघून म्हणतो, "अरे, याला फादरकडे ने. नाहीतर वसईच्या बाजारात अस्संच झाड मिळतं, फुलासकट. बदलून टाक. सुनेला काय कळतंय?" आता ही थाप म्हणजे माझ्या हातचा मळ! गेलो बाजारात. झाड उचललं. फूल तेच, रंग तोच... आणि परत ठेवलं. मजाच येईना. थाप मारायची तर जाऊन बघणारं कोणीतरी लागतं की नाही? नुसतीच थाप काय मारायची, भिंतीला?

तर तेच बुटकं घेऊन बसलो. लोक विचारत राहिले, पानी घातलं काय, आणि मी हात बांधून बसलो. अवघड असतं हो, काही न करणं.

दिवाळीला दोघं आली. मितेशने रिकामी बॅगसुद्धा आणली होती, बापावर केवढा भरवसा! रीमाने कुंडी उजेडात धरली, चष्मा वर केला, बराच वेळ बघितलं. बुडाशी नवीन मूळ फुटलं होतं, टोकाला हिरवा ठिपका, मुगाएवढा. म्हणाली, "जगलं, बाबा." मितेशने बॅग परत गाडीत टाकली. मी जिंकलो. पाया पडताना रीमा म्हणते, "आता रोज विचारून तुम्हाला त्रास देणार नाही. विश्वास आहे तुमच्यावर."

झालं! फोन बंद. तिने शेजारणीला सांगितलं, दूधवाल्याला सांगितलं, बाबांना विचारू नका, ते विचारलं की ओततात. जन्मभर मेहनत घेऊन कोणाचा विश्वास बसू दिला नाही, तो एका बांडगुळापायी बसला. आठवड्यातून एक दिवस झाड पाणी मागतं. उरलेल्या सहा दिवसांचं रीमा काही बोललेली नाही.

म्हणून आता सकाळी मीच मागच्या दारात जाऊन उभा राहतो, आणि मोठ्याने विचारतो, पानी घातलं काय?

मग खाटेवर येऊन पडतो आणि म्हणतो, घातलं.

घातलेलं नसतं.