अळंबी कुठे आहे?

सन्माननीय नगराध्यक्ष महोदय, व्यासपीठावरच्या आमच्या मुख्याध्यापिका आणि पाहुणे मंडळी, समोर बसलेले आई-वडील, एकेकाळी माझ्या हातचा पालक नाक धरून गिळलेले आणि आता मिशा फुटलेले माझे बाळगोपाळ, आणि आजच्या सत्कारमूर्ती पिरोश्काबाई, आपणां सर्वांना बालवाडीतल्या गिझी मावशीचा नमस्कार.

आपल्या कालोचा गावच्या या सभागृहात मी आजवर फक्त खुर्च्या मांडल्या आहेत. बालवाडीत मी मुलांचे बूट बदलते, सूप वाढते, नाकं पुसते. भाषण करू शकतील अशा पदवीधर बाई आमच्याकडे पाच आहेत. तरी पिरोश्काबाई म्हणाल्या, "गिझी, माझ्या निरोपाला तूच बोल." मी म्हटलं, "बाई, शोभा होईल हो." तर म्हणतात कशा, "होऊ दे! चौतीस वर्षांत शोभेला घाबरणारं माझं एकच मूल उरलंय, ते म्हणजे तू."

त्याला कारण आहे. शाळेत असताना गाण्याच्या मास्तरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "गिझेला, तू नुसते ओठ हलव." मी आज्ञाधारक. पंचवीस वर्षं नुसते ओठ हलवले. लग्नांत, चर्चमध्ये, माझ्या लेकीच्या पाळण्यापाशीसुद्धा. ते शेवटचं मला अजून बोचतं.

आणि नोकरी लागली कुठे? पिरोश्काबाईंच्या वर्गात! तिथे हात धुवायचे तेही गाऊन. मुलांना वाचता येत नाही, म्हणून आमच्याकडे प्रत्येकाच्या खुंटीवर आणि टॉवेलवर एक खूण असते. कुणाचं बदक, कुणाची किटली. सकाळी बाई खिशातला सूर देणारा नादकाटा काढायच्या, गुडघ्यावर आपटून कानाशी धरायच्या आणि दोन सुरांत विचारायच्या, "बदक कुठे आहे?" की बदक त्याच दोन सुरांत म्हणायचं, "इथे आहे!" झाली हजेरी.

मी एकदा विचारलंही, "बाई, एवढं गाऊन काय होणार? मोठेपणी ही पोरं मिरच्याच पिकवणार ना?" बाई हसल्या. म्हणाल्या, "गिझी, दुसऱ्याचं ऐकल्याशिवाय गाता येत नाही. आपली पाळी येईपर्यंत थांबावं लागतं. टाळी चुकली तर रडत न बसता पुढची धरावी लागते. पाच वर्षांच्या माणसाला आणखी काय शिकवायचं असतं?" मी आपली मान डोलावली आणि सूप ढवळायला गेले.

मग आमच्या वर्गात एमोके आली. तिची खूण अळंबी. पोरगी हुशार, पण बोलताना पहिलाच शब्द अडकायचा. त्या वसंतात ठरायचं होतं, बरोबरच्या मुलांसोबत तिला पहिलीत पाठवायचं की आणखी एक वर्ष मागे ठेवायचं. वडील म्हणायचे, "हसतील हो तिला." पण हजेरीला ती कधीच अडखळली नाही. गाताना शब्द सरळ यायचा. बाईंना कसलीच घाई नव्हती. "आवाज सापडलाय तिला," म्हणायच्या, "बोलण्यातही आणेल."

आणि फेब्रुवारीत बाईंना ताप आला. हजेरी माझ्याकडे. गायची लाज, म्हणून मी नावं सरळ वाचून काढली. "एमोके?" मी बोलून विचारलं, म्हणून तीही बोलून उत्तर द्यायला गेली. "इ... इ... इ..." कुणीतरी फिसकन हसलं. पोर उठली, बाहेर खुंट्यांपाशी गेली आणि स्वतःच्या कोटात तोंड खुपसून बसली. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी तिला सोडताना वडील म्हणाले, "उद्यापासून घरीच ठेवतो. शाळेचं पुढच्या वर्षी बघू."

सांगा, चूक कुणाची होती? माझी. माझ्या लाजेपायी त्या लेकराचं वर्ष चाललं होतं.

त्या दिवशी ती पुन्हा कोटात शिरली, तेव्हा मी फरशीवर बसले, त्या कोटासमोर, आणि गायले. "अळंबी कुठे आहे?" कसं गायले ते विचारू नका. कोट हलला. आतून एक इवलासा हात बाहेर आला आणि सूर चढवताना बाई दाखवायच्या तसा वर वर जाऊ लागला. पाठोपाठ गाणं, "वर, मावशी, वर!" मी माझ्या गळ्याला सोसेल असा खालचा सूर धरला होता, तिथवर मुलांचा गळा पोचतच नाही. मी वर गेले. आवाज फाटला. सगळा वर्ग दारात येऊन खो खो हसला, आणि हसला तो मला! एमोकेही हसली. कोटातून बाहेर आली आणि गायली, "इथे आहे!"

वडिलांनी तिला येऊ दिलं. पुढे पहिलीसाठी मुलं तपासणाऱ्या बाई आल्या, तेव्हा एमोके अडखळलीच. अडखळली की मांडीवर बोटाने ठेका धरायची, थांबायची, पुन्हा सुरू करायची. अख्खी गोष्ट सांगितली तिने, आणि पहिलीत गेली. आज ती तिसऱ्या रांगेत बसली आहे. आपल्या चौकातल्या औषधांच्या दुकानात तुम्हाला गोळ्या देते तीच. अजूनही अडखळते. आपण थांबतो आणि ऐकतो.

आणि माझी नात झाली, तेव्हा तिच्या पाळण्यापाशी मी गायले. बाई, हे मी तुम्हाला कधी सांगितलं नव्हतं.

तुम्ही चौतीस वर्षं सगळ्यांना खुणा वाटल्यात, स्वतःसाठी एकही ठेवली नाहीत. या टॉवेलवरची अळंबी एमोकेने स्वतः दोऱ्याने भरलीय. काल मला म्हणाली, "माझी अ... अळंबी आता बाईंना."

नगराध्यक्षांचे आभार, बाहेर पोगाच्छाचे खारे पाव भाजून ठेवणाऱ्या मंडळींचे आभार. गार व्हायच्या आत सोडते तुम्हाला. बोलण्यात चुकलं असेल ते पोटात घाला, आणि आता चुकणार आहे तेही. नादकाटा माझ्याकडे नाही. सूर खाली लागला, तर एमोके, तू हात दाखव.

बाई, शेवटची हजेरी.

"अळंबी कुठे आहे?"