दाईचं गाणं

कानांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी बसलेल्या बाईंचे यजमान तपासणी करून बाहेर आले.

“काय म्हणाले डॉक्टर?”

“कान ठणठणीत आहेत म्हणे.”

“मग तोंड का पाडलंय?”

“अगं, कान चांगले, मग परवा काय झालं? एवढ्या मोठ्या संगीतकाराचा पहिलावहिला ऑपेरा, कुणी ढुंकून न बघितलेला. आपली लेक त्यात गायली, म्हणून व्याह्यांना बोलावून रेकॉर्डिंग लावलं. आणि त्यातल्या राणीच्या पात्राच्या गाण्याला मी डोळे पुसत म्हणालो, ‘आवाज ओळखला, माझीच पोर!’”

“मी खुणा करत होते. ती दाईचं गाणं गायली होती.”

“आणि दाईचं गाणं लागल्यावर म्हणालो, ‘हे कोण रेकतंय? पुढचं लाव.’”

“जाऊ द्या हो.”

“तिनंच उठून लावलं गं पुढचं.”

“सकाळी फोन होता तिचा. ‘बाबांना हल्ली कमी ऐकू येतं का?’ विचारत होती.”

“तू काय म्हणालीस?”

“हो म्हणाले.”

“बरं केलंस. बस जरा. कानाचं मशीन कुठे मिळतं, विचारून येतो.”